काट्यावरचं वजन, मनावरचं ओझं

रोमच्या सिनेटमध्ये एकदा एक प्रतिष्ठित गृहस्थ सगळ्यांदेखत रडले. नाव फिडस कॉर्नेलियस, कवी ओव्हिडचे जावई. कॉर्ब्युलो नावाच्या एकाने भर सभेत त्यांना ‘पिसं उपटलेला शहामृग’ म्हटलं आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. तत्त्वज्ञ सेनेकाने हा प्रसंग पाहिला आणि लिहून ठेवला. सोबत आपलं आश्चर्यही नोंदवलं: याच माणसाच्या चारित्र्यावर, वागण्यावर याआधी घाव घातले गेले होते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. शहामृगाने मात्र त्याला पाडलं.

तिथेच सेनेका व्हॅटिनियस नावाच्या राजकारण्याची आठवण सांगतो. हा माणूस लोकांना नकोसा होता आणि टिंगलीला लागणारं सगळं त्याच्याकडे होतं: पायांचं दुखणं आणि मानेवरचे व्रण. पण आपल्या पायांवर आणि मानेवर तो स्वतःच इतके विनोद करायचा की शत्रूंच्या वाट्याला काही उरेना. त्या शत्रूंमध्ये सिसेरोसारखा जिभेने वार करणारा वक्ता होता. त्याच्याही तावडीतून व्हॅटिनियस सुटला.

शरीरावरून मारलेला टोमणा एकाला आडवा करतो आणि दुसऱ्याला चाटून जातो. हे कसं घडतं? व्हॅटिनियसची ही विद्या शिकता येते का? मानसशास्त्राचं उत्तर आहे, येते. ती कशी, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

आपल्याला तर या विद्येची रोजच गरज पडते. मराठी घरांत देहाच्या आकारावर बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. वर्षभराने भेटलेली मावशी “बाळा, किती रे वाळलास!” म्हणते आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू “पोट सुटलंय हं तुझं” म्हणून मोकळ्या होतात. शाळेत जाड्या, ढब्ब्या, लुकड्या, काडी पैलवान ही नावं हजेरीपटावरच्या नावांपेक्षा जास्त चालतात. मुलगी अंगाने भरलेली असली तर स्थळांची काळजी, बारीक असली तर “हिच्या अंगाला काही लागतच नाही” ही तक्रार. बोलणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा माया असते. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ते वाक्य वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं.

टोमणा आणि दुःख यांच्या मधली पायरी

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. तिचं बीज त्यांना एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या शिकवणुकीत सापडलं होतं. एपिक्टेटसने गुलामीत दिवस काढले होते आणि तो पायाने अधू होता. त्याचं सांगणं असं की माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेबद्दलचं त्याचं स्वतःचं मत जास्त छळतं. कुणी आपली निंदा केली तर काय म्हणावं याचा नमुनाही त्याने दिला आहे: त्या माणसाला माझे बाकीचे दोष माहीत नसावेत, नाहीतर तो एवढ्यावर थांबला नसता!

एलिस यांनी या विचाराला ए-बी-सी अशी सोपी रचना दिली. ‘ए’ म्हणजे घडलेली घटना, ‘सी’ म्हणजे मनावर झालेला परिणाम आणि मधला ‘बी’ म्हणजे त्या घटनेबद्दल आपण धरून ठेवलेला समज. आपण मधली पायरी गाळून बोलतो, “तिने मला जाडी म्हटलं म्हणून मी खचले.” एलिस त्या गाळलेल्या पायरीवर बोट ठेवतात. महाराष्ट्रात ही पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करत ती आत्मसात केली आणि इथे रुजवली. ठाण्याच्या आयपीएच या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती सर्वसामान्य मराठी माणसांपर्यंत नेली, तर डॉ. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने एलिस हा माणूसच मराठी वाचकाच्या ओळखीचा केला.

एक प्रसंग कल्पून पाहा. लग्नघरी दोघी बहिणी आत्याच्या पाया पडतात. आत्या दोघींना एकच वाक्य ऐकवतात, “अगं, अंग किती सुटलंय तुमचं!” धाकटी हसून म्हणते, “आत्या, तुमच्या पुरणपोळ्या अशा वाया कशा जातील?” आणि पंगतीला जाऊन बसते. थोरली डोकं दुखल्याचं सांगून घरी येते आणि पुढची दोन लग्नं टाळते. आत्या तीच, वाक्यही तेच. थोरलीच्या मनात त्या वाक्याला जोडून चार समज उभे राहिले. पहिला, ‘माझ्या शरीराबद्दल कुणी असं बोलताच कामा नये.’ दुसरा, ‘चारचौघांत असं बोलणं म्हणजे अनर्थ.’ तिसरा, ‘हे मला सहनच होणार नाही.’ चौथा सगळ्यांत जालीम, ‘मी जाड आहे, म्हणजे मी कुचकामी आहे.’

यातल्या प्रत्येकाला जाब विचारता येतो. आत्यांनी असं बोलू नये ही इच्छा अगदी रास्त आहे. पण सगळ्या नातेवाइकांनी माझ्या इच्छेप्रमाणेच बोललं पाहिजे, असा नियम जगात कुठे लिहिलेला आहे? ते वाक्य अप्रिय होतं, पण त्याने नेमकं काय कोसळलं? ‘सहन होणार नाही’ म्हणता म्हणता आजवर अशी किती वाक्यं सहन झाली? आणि चौथा समज तर तर्काच्या पहिल्याच पायरीवर घसरतो. घराचं क्षेत्रफळ ऐकून त्या घरात राहणारी माणसं कशी आहेत हे कळत नाही. कमरेच्या मापावरूनही माणसाची लायकी कळत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एलिस माणसाला दगड व्हायला सांगत नाहीत. टोमण्याने थोडं वाईट वाटेल, राग येईल, आणि तसं वाटणं निरोगी आहे. वाईट वाटलेला माणूस आत्यांना शांतपणे “मला हे आवडलं नाही” असं सांगू शकतो. खचलेला माणूस तोंड लपवतो. भावना कितपत तीव्र आहे यापेक्षा ती आपल्याला कुठे नेते, हे एलिस यांना महत्त्वाचं वाटतं.

लाजेला भिडण्याचा व्यायाम

हे सगळं एलिस यांना नुसतं पुस्तकातून सुचलं नव्हतं. तरुणपणी ते मुलींशी बोलायला कमालीचे लाजत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःला एक काम लावून घेतलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की तिच्याशी बोलायचंच. महिनाभरात ते सुमारे शंभर जणींशी बोलले. भेटीचं वचन एकीनेच दिलं आणि तीही आली नाही. पण नकाराने आभाळ कोसळत नाही हे त्यांना कायमचं कळलं आणि भीती गेली.

पुढे रुग्णांसाठी त्यांनी याच धर्तीवर लाजेला भिडण्याचे व्यायाम तयार केले. केळ्याला दोरी बांधून ते कुत्र्यासारखं रस्त्यावरून फिरवायचं, किंवा आगगाडीच्या डब्यात उभं राहून पुढच्या स्टेशनचं नाव मोठ्याने पुकारायचं. लोक बघतात, कुणी हसतं, बहुतेक जण आपापल्या कामाला लागतात. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीला प्रत्यक्ष लोकांसमोर नेऊन तपासायचं, एवढाच त्यामागचा हेतू. एलिस गमतीदार गाणीही रचत आणि रुग्णांकडून म्हणवून घेत. १९७६मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात त्यांनी ती सादर केली. स्वतःच्या अतिरेकी समजुतीवर माणूस एकदा हसला की तिची पकड सैल होते, हा त्यांचा अनुभव होता. हसायचं ते समजुतीवर, स्वतःवर नाही, हे मात्र ते बजावून सांगत.

देहाच्या बाबतीत हा व्यायाम आपल्याला सहज करता येतो, केळ्याचीही गरज नाही. समूहाच्या फोटोत मागच्या रांगेत लपण्याऐवजी पुढे उभं राहायचं. वजन उतरल्यावर घालू म्हणून कपाटात ठेवलेली साडी बाजूला ठेवून आज बसेल ती नवी घ्यायची आणि मिरवायची. वरातीत नाचायचं. पोहण्याच्या तलावावर जायचं. एक-दोनदा छाती धडधडेल. मग लक्षात येईल की इतरांना स्वतःच्याच पोटाची काळजी इतकी आहे की आपल्याकडे पाहायला त्यांना सवड नाही.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

देहाच्या आकाराकडे हलक्या मनाने पाहायचं, तर आधी आकड्याचा दरारा उतरवला पाहिजे. वजन किलोमध्ये घ्यायचं आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. ६४ किलो वजन आणि १.६० मीटर उंची असेल तर उत्तर येतं २५. हाच बीएमआय. हे गणित मांडणारा ॲडॉल्फ क्वेटेले बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता. १८३०च्या दशकात त्याला हवा होता ‘सरासरी माणूस’. माणसांच्या मोठ्या समूहात उंचीबरोबर वजन कसं वाढतं, एवढाच त्याचा प्रश्न होता. लठ्ठपणाशी किंवा आरोग्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. १९७२मध्ये अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुणोत्तराला आजचं नाव दिलं आणि ते दवाखान्यांच्या भिंतींवर पोहोचलं. मुळात समूहासाठी केलेलं माप एकेका माणसाच्या कपाळावर चिकटलं ते असं.

या मापाची मर्यादा सगळ्यांत गमतीने दाखवली ती पुण्याच्या एका डॉक्टरांनी. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारीशेजारी उभे, दोघेही सडसडीत, दोघांचाही बीएमआय २२.३. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! दोन डॉक्टरांनी आपापली शरीरं पुराव्याला ठेवली आणि भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून ‘जाड’ असू शकतो हे एका चित्रात सांगून टाकलं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी कमी होती, चरबीत मात्र फारशी मागे नव्हती.

म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची सावधानतेची रेषा २५ऐवजी २३वर धरतात आणि टेपने कंबर मोजायला सांगतात: पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८०. त्यापलीकडे गेलं तर रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासून घ्यावी. आकड्याचा हा खरा उपयोग. त्यातून डॉक्टरांना पुढचा प्रश्न सुचतो. “काडी पैलवान” म्हणून ज्याला चिडवलं त्याची साखर वाढलेली असू शकते आणि “जाड्या” म्हणून ज्याला हिणवलं त्याचे सगळे अहवाल चोख असू शकतात. नुसत्या डोळ्यांनी निदान होत नाही.

जाडेपणाला आळसाचं प्रमाणपत्र देणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९८६मध्ये आल्बर्ट स्टंकार्ड यांनी डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठेपणी त्यांचा बांधा जुळला तो जन्मदात्या आईवडिलांशी. ज्यांच्या घरी वाढले, ज्यांच्या ताटात जेवले, त्यांच्या बांध्याशी काही संबंध आढळला नाही. खाणं आणि व्यायाम यांचा वाटा आहेच, पण बांध्याचा मोठा हिस्सा आपण जन्मताना घेऊन येतो.

डोळ्यांना लागलेली सवय

कोणता देह सुंदर, हेसुद्धा डोळे शिकतात. पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर धष्टपुष्ट देहाला मान होता. भरलेलं अंग म्हणजे त्या माणसाकडे घरच्यांचं नीट लक्ष आहे याची खूण. पाहुण्याला आग्रहाने वाढायचं, आणि कुणी वाळलेलं दिसलं तर साऱ्या वस्तीला काळजी. आपल्या आजीच्या घरात ‘खात्यापित्या घरचा’ म्हणताना जे कौतुक असायचं, तेच.

१९९५मध्ये फिजीतल्या नाड्रोगा भागात टीव्ही आला. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी त्या वर्षी तिथल्या शाळकरी मुलींना प्रश्न विचारले आणि तीन वर्षांनी पुन्हा तेच केलं. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली १९९५मध्ये एकही नव्हत्या. १९९८मध्ये ते प्रमाण ११.३ टक्क्यांवर गेलं होतं. मालिकांतल्या नायिकांसारखं दिसायचंय असं मुली स्वतः सांगत होत्या. आयांचे, आज्यांचे देह होते तसेच राहिले होते. तीन वर्षांत बदलली ती मुलींची नजर.

यातून एक दिलासा घेता येतो. नजर बाहेरून शिकवली गेली असेल तर ती पुन्हा घडवताही येते. दिवसभर फोनवर कुणाचे देह पाहायचे, हे आपल्या हातात आहे. ज्या पानांवरून उठल्यावर स्वतःची घृणा वाटते, ती पाहणं बंद करणं हा भावना सांभाळण्याचा पहिला आणि सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

लाज वाटून कुणी बारीक होतं का?

“आम्ही त्याच्या भल्यासाठीच बोलतो. लाज वाटली तर कमी खाईल.” हा युक्तिवाद घराघरांत ऐकू येतो. तो खरा असता तर लंडनचा विल्यम बँटिंग केव्हाच बारीक झाला असता. बँटिंग अंत्यविधीची व्यवस्था करणारा नामांकित व्यावसायिक होता. उंची पाच फूट पाच इंच, वजन सुमारे ९२ किलो. वाकून बुटांची नाडी बांधता येईना, जिना उलट्या पावलांनी उतरावा लागे. रस्त्यात आणि गाडीत लोक टवाळी करत, म्हणून त्याने सार्वजनिक जागी जाणंच कमी केलं. अनेक वर्षं टवाळी झेलून त्याचं वजन काही उतरलं नाही. नौका वल्हवण्याचा व्यायाम केला, तर भूकच वाढली. शेवटी कमी ऐकू येतं म्हणून तो विल्यम हार्वी या कानाच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी आहार बदलून दिला आणि वर्षभरात सुमारे २१ किलो वजन उतरलं. १८६३मध्ये त्याने हा अनुभव छोट्या पुस्तिकेत छापला आणि आपल्यासारख्या पीडितांना फुकट वाटला. टवाळखोरांना जे वर्षानुवर्षं साधलं नाही ते एका नीट दिलेल्या सल्ल्याने साधलं.

आजचं संशोधनही हेच दाखवतं. अँजेलिना सुटिन आणि अँटोनिओ टेरासियानो यांनी सहा हजारांहून अधिक अमेरिकन प्रौढांची माहिती तपासून २०१३मध्ये निष्कर्ष मांडला. वजनावरून आपल्याला कमी लेखलं जातं असं सांगणारे, पण तोवर लठ्ठ नसलेले लोक पुढच्या चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे अडीचपट होती. अपमान झालेला माणूस व्यायामाला बाहेर पडायला कचरतो, आणि अनेकांना दुःखाचा उतारा ताटातच सापडतो.

स्वतःच स्वतःला हिणवण्याचा परिणामही असाच होतो. १९७५मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी पथ्य पाळणाऱ्या मुलींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग आइस्क्रीमची चव घ्यायला सांगितलं. पोट भरलेलं असताना त्यांनी कमी खायला हवं होतं. त्यांनी जास्त खाल्लं. ‘उपास मोडलाच आहे, तर आता होऊन जाऊ दे’ हा विचार आपल्यालाही अनोळखी नाही. २००७मध्ये क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांनी या प्रयोगात एक भर घातली. डोनट खाऊन झाल्यावर काही जणींना प्रयोगकर्त्याने सहज सांगितलं की असं सगळ्यांचंच होतं, स्वतःला फार बोल लावू नका. पथ्य पाळणाऱ्यांपैकी ज्यांनी हे दोन मायेचे शब्द ऐकले, त्यांनी नंतर पुढे ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेटं इतरजणींपेक्षा कमी खाल्ली. स्वतःशी माया केल्याने माणूस शेफारत नाही, सावरतो.

टोमणा लागला त्या क्षणी

हे सगळं पटलं तरी प्रत्यक्ष टोमणा बसतो तेव्हा गाल तापतात आणि घसा दाटून येतो. त्या क्षणासाठी काही उपाय हाताशी असावेत.

पहिला, भावना दाबू नका. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९३च्या प्रयोगात लोकांना शस्त्रक्रियेची किळसवाणी फिल्म दाखवली. काहींना चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही असं बजावलं. चेहरे स्थिर राहिले, पण आतली किळस तसूभर कमी झाली नाही आणि शरीरातल्या ताणाच्या काही खुणा उलट वाढल्या. हसू आणून गिळलेला अपमान शरीर मोजतच असतं.

दुसरा, भावनेला नाव द्या. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने २००७मध्ये मेंदूची चित्रं घेतली. रागावलेले, घाबरलेले चेहरे पाहताना माणसाने त्या भावनेसाठी शब्द निवडला की मेंदूतल्या अमिग्डाला या भीती-धोक्याशी निगडित भागाची खळबळ कमी होत होती. म्हणून मनातल्या मनात नेमकं म्हणा, “मला आत्ता लाज वाटते आहे,” किंवा “हा राग आहे.” ‘कसंतरीच होतंय’ एवढं पुरत नाही. शब्द जितका नेमका, तितकं मन लवकर ताळ्यावर येतं.

तिसरा, स्वतःला नावाने हाक मारा. ईथन क्रॉस यांच्या २०१४च्या प्रयोगांत, भाषणाआधी ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव घेऊन मनाशी बोलणाऱ्यांची घालमेल कमी झाली आणि भाषणही बरं झालं. “सुनीता, आत्या बोलल्या ते त्यांच्या सवयीने बोलल्या. तुला आज लग्नात मजा करायची आहे ना?” असं स्वतःला समजावताना आपण आपलेच थोरले भाऊ किंवा ताई होतो, आणि दुसऱ्याला सल्ला देताना येणारं शहाणपण स्वतःच्या कामी येतं.

चौथा, उत्तर आधी ठरवून ठेवा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी दाखवलं की ‘जर असं झालं, तर मी हे करीन’ असं नेमकं ठरवलं की ऐनवेळी ते करणं सोपं जातं. “जर कुणी वजनावरून बोललं, तर मी दीर्घ श्वास घेऊन म्हणीन, ‘माझी तब्येत छान आहे. तुमचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे?’” विषय बदलतो, नातं टिकतं, आणि आपण गप्प बसलो याची टोचणी राहत नाही. वारंवार दुखावणारा माणूस असेल तर त्याच्यासाठी ठरवलेलं वाक्य अधिक स्पष्ट असावं: “माझ्या शरीराबद्दल बोललेलं मला आवडत नाही. पुन्हा बोलू नका.”

पाचवा, घरी आल्यावर शांतपणे ए-बी-सी लिहून काढा. वही-पेन घ्या. काय घडलं, मी मनात काय म्हटलं, मला काय वाटलं. मग मधल्या रकान्यातल्या प्रत्येक वाक्याला विचारा: हे खरं आहे का? याचा पुरावा काय? असं मानून माझं भलं होतंय का? सुरुवातीला ओढूनताणून केल्यासारखं वाटेल. सरावाने हे प्रश्न आपोआप उभे राहू लागतात.

कोणतं हसू तारतं

आता पुन्हा व्हॅटिनियसच्या हसण्याकडे येऊ. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा वेगळ्या केल्या. माणसं जोडणारा विनोद, संकटात स्वतःला धीर देणारा विनोद, दुसऱ्याला बोचकारणारा विनोद आणि चारचौघांत हशा मिळावा म्हणून स्वतःलाच पायदळी तुडवणारा विनोद. पहिल्या दोन तऱ्हा मनःस्वास्थ्याच्या बाजूच्या. चौथ्या तऱ्हेचं नातं मात्र खिन्नतेशी आणि कमी आत्मसन्मानाशी आढळलं. वर्गातला जाडा मुलगा सगळ्यांआधी स्वतःवर विनोद करून हशा मिळवतो तेव्हा तो धीर मिळवतोय की मार चुकवतोय, हे त्याच्या जवळच्यांनी पाहायला हवं. ओळखायची कसोटी सोपी आहे. विनोद झाल्यावर मन हलकं झालं तर तो पहिल्या दोन तऱ्हांमधला. विनोद झाल्यावर एकटं वाटलं तर तो थांबवलेला बरा.

निरोगी हसू कसं असतं ते पडद्यावर पाहता येतं. लॉरेल आणि हार्डी या जोडीला मराठी प्रेक्षकांनी ‘जाड्या-रड्या’ म्हणून घरचं करून घेतलं. हार्डीचा प्रचंड देह समोर असतो, पण आपण हसतो ते त्याच्या ऐटीवर: बोटांच्या टोकांनी टाय फडफडवणारा तो नाजूकपणा, मीच शहाणा हा ठाम विश्वास आणि त्यानंतर ठरलेली फजिती. उमादेवी खत्री यांनी १९४७च्या ‘दर्द’ चित्रपटात गायिका म्हणून नाव मिळवलं. पुढे १९५०च्या ‘बाबुल’पासून त्या टुनटुन झाल्या आणि पडद्यावर त्यांनी दीर्घकाळ लोकांना हसवलं. त्या काळच्या लेखकांनी त्यांना बहुतेक वेळा एकच तऱ्हा दिली, जाड बाईची फजिती. तरीही आज आठवतो तो त्यांचा ठसका आणि विनोदाची अचूक वेळ. ते कौशल्य होतं, आणि कौशल्याला वजनाची अट नसते.

घरात आणि मित्रांत विनोदाचा नियम एवढाच ठेवा: ज्याचा देह, त्यावरच्या विनोदाचा पहिला हक्क त्याचा. तो हसत असेल तर त्याच्यासोबत हसा, तो गप्प झाला की तिथेच थांबा. मुलांच्या बाबतीत तर हा नियम अधिक कडक हवा. वजनावरून चिडवल्या गेलेल्या मुलांमध्ये पुढे खाण्याच्या विकृती आणि उदासी जास्त आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मुलाचं वजन खरोखर काळजी करण्यासारखं असेल तर त्याला डॉक्टरांकडे न्या, घरातल्या सगळ्यांचं जेवण सुधारा, संध्याकाळी त्याच्यासोबत खेळायला उतरा. पाहुण्यांसमोर त्याच्या पोटावर चापट मारू नका.

आणि ज्यांचं खाणं किंवा न खाणं हाताबाहेर गेलं आहे, जेवून मुद्दाम उलटी करावी लागते, आरशासमोर जायची भीती वाटते, त्यांनी या प्रकरणातल्या उपायांवर थांबू नये. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

वजन कमी करायचं असेल तर जरूर करा. गुडघे, हृदय आणि रक्तातली साखर त्याचे आभार मानतील. वाढवायचं असेल तर तेही करा. पण स्वतःला मान द्यायला काट्यावरच्या कोणत्याही आकड्याची वाट पाहू नका. तो मान आज, आत्ता, आहे त्या अंगाला द्या आणि येत्या सणाला घरी भेटणाऱ्या प्रत्येक माणसालाही तेवढाच द्या.